आपोआप उघडणारं पान

दुपारी दोन ते चार ही सार्वजनिक वाचनालयातली मरगळलेली वेळ. वृत्तपत्रांच्या टेबलापाशी एखादे निवृत्त गृहस्थ अग्रलेखावरच पेंगलेले असतात, पंखा कुरकुरत असतो आणि काउंटरच्या कडेला सकाळी परत आलेल्या पुस्तकांची चळत कपाटात जायची वाट बघत असते. अशा चळतीतलं पुस्तक लगेच उघडू नये. कणा टेबलावर टेकवून ते उभं धरावं, दोन्ही पुठ्ठे एकदम सोडून द्यावेत आणि ते स्वतःहून कुठे उघडतं ते बघावं.

रहस्यकथा कुठेही उघडते, कारण तिथे कुणी थांबलेलंच नसतं. पाककृतींचं पुस्तक अनारशांपाशी उघडतं, कारण तिथे सगळेच अडतात. हाल, मृत्यू, ताटातूट यांची पुस्तकं मात्र हट्टाने त्याच एक-दोन जागी उघडतात, आणि त्या जागा सहसा आपण धरून चाललेलो असतो त्या नसतात.

अर्थात यात फसगत पुष्कळ. शिवलेलं पुस्तक बहुधा १६ पृष्ठांच्या फर्म्यांचं, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांच्या जुड्यांचं असतं आणि प्रत्येक फर्म्याच्या मध्यावर दोरा येतो. म्हणजे ८-९, २४-२५, ४०-४१ या जोड्यांवर पुस्तक उघडलं, तर ते वाचकाचं नव्हे, दोऱ्याचं काम. प्रस्तावनेची पानं वेगळ्या आकड्यांनी मोजली असतील तर हा हिशेब सरकतो, तेव्हा आधी दोरा कुठे दिसतो ते पाहून घ्यावं. मधे चकचकीत छायाचित्रांची पानं घातली असतील, तर पुस्तक आयुष्यभर तिथेच उघडणार. डिंकाच्या बाइंडिंगचं पुस्तक पहिल्यांदा जिथे ताणून उघडलं जातं तिथे त्याचा डिंक तडकतो, आणि मग ती खोड जात नाही. हा पहिला ताण बऱ्याचदा वाचक देतच नाही. वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या एका ठरलेल्या आतल्या पानावर शिक्का मारतात, मुखपृष्ठ फाडून कुणी पुस्तक आपलं म्हणून मिरवलं तर पकडता यावं म्हणून. ते गुप्त पान. शिक्का नीट उमटावा म्हणून कारकून पुस्तक तळहाताने दाबून सपाट करतो आणि कादंबरीतल्या अगदी रटाळ वर्णनापाशी पुस्तकाचा कायमचा सांधा तयार होतो.

म्हणून नुसत्या उघडण्यावर जाऊ नये. उजव्या पानाचा खालचा कोपरा बघावा. वाचक पान उलटताना बोट तिथे लावतो, आणि बोटाचा तेलकटपणा वर्षानुवर्षं साचून कोपरा करडा आणि मऊ पडतो. सगळे कोपरे सारखेच मळलेले असतील तर पुस्तक फक्त वाचलं गेलं आहे. पण एकाच जोडीच्या बाहेरच्या कडा, डावी अंगठ्याजवळची आणि उजवी, जास्त काळवंडलेल्या असतील, तर तिथे पुस्तक हातात धरून कुणी तरी, किंवा पुष्कळजण, नुसते बसून राहिले आहेत. अश्रूंचे डाग म्हणून लोक जे कौतुकाने दाखवतात त्यावर मात्र विश्वास ठेवू नये. त्यातले बहुतेक चहाचे, उरलेले पावसाचे, आणि काही थुंकी लावून पान उलटणाऱ्या काकांचे.

आता 'श्यामची आई'. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये, मोजक्या पाच दिवसांत, साने गुरुजींनी त्यातला बहुतेक भाग लिहून काढला. आईचा शेवटचा आजार आणि मृत्यू पुस्तकाच्या अखेरीला येतो, तेव्हा जीर्ण प्रत तिथेच उघडेल असा कुणाचाही अंदाज. तिथे ती मळलेली असतेच. पण ग्रंथालयात काम केलेल्या कुणालाही विचारा, आधीच्या अगदी साध्या रात्रीच (या पुस्तकाची प्रकरणं म्हणजे एकेक रात्र) जास्त खिळखिळ्या झालेल्या असतात. भाजीत मीठ घालायचं राहिलं आणि वडील अवाक्षर न काढता जेवून उठले, ती. आईला ते कळतं सगळ्यांचं झाल्यावर, स्वतः जेवायला बसल्यावर. त्यात कुणी मरत नाही, कुणी रडारड करत नाही. पण ज्याच्या घरी शेवटी जेवायला बसणारं माणूस आता नाही, त्याचं पुढचं पान लवकर उलटत नाही. दुसरी जागा जप्तीची. सावकार, दवंडी, गावासमोर गेलेली अब्रू. कर्ज काढलेल्या घरातला वाचक ती जागा कशी वाचतो हे मळावरून कळत नाही, पण तो तिथे थांबतो एवढं नक्की.

या पुस्तकाची एक सोय फारशी कुणी बोलून दाखवत नाही. श्याम ह्या आठवणी आश्रमातल्या सोबत्यांना रात्री सांगतो. वाचकाच्या आधी ऐकणारे तिथे बसलेले असतात आणि वाचकाच्या आधी त्यांचे डोळे भरतात. त्यामुळे एकट्याने वाचणारा माणूसही तिथे एकटा पडत नाही. शाळेत गुरुजी वर्गात मोठ्याने वाचायचे तेव्हा हेच व्हायचं. मागच्या बाकावरचा दांडगट मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला की बाकीच्यांना परवानगी मिळायची. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने या आठवणींत आपली भर घातली, ती इतकी, की पुस्तक वाचलं आहे असं शपथेवर सांगणाऱ्या कित्येकांनी खरं तर ते फक्त पाहिलं आणि ऐकलेलं असतं. त्याने काही बिघडत नाही म्हणा.

आणि अधोरेखनं? ती भलतीकडेच असतात. पट्टी लावून ओढलेली सरळ रेघ परीक्षार्थ्याची, तिच्या शेजारी समासात बारीक अक्षरात 'मह.' असतं. शिसपेन्सिलीची थरथरती रेघ एसटीत बसून वाचणाऱ्याची. या दोघांच्याही रेघा सुविचारांखाली असतात: मातृप्रेम, त्याग, संकटात धीर. म्हणजे पेन्सिल जिथे फिरली तिथे वाचकाला आपल्याला काय आवडायला हवं ते माहीत होतं, आणि कोपरा मळला तिथे त्याचं भान सुटलं होतं. मला विचाराल तर मी कोपऱ्याची साक्ष आधी मानीन. समासातल्या शेऱ्यांचं तसं नाही, ते प्रामाणिक असू शकतात. एखाद्या उताऱ्याशेजारी नुसती तारीख. एखादं 'खरं आहे'. आणि त्याच्याच खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, शाईने, 'पुस्तकात लिहू नये'.

पेन्सिलीच्या खुणा खोडायच्याच असतील तर मऊ खोडरबर घेऊन कण्याकडून कडेकडे, एकाच दिशेने हलक्या हाताने खोडावं. पुढे-मागे घासलं की जुना पिवळा कागद चुरगळून फाटतो. शाईच्या वाटेला जाऊ नये. आणि सेलोटेप कधीही लावू नये, हे दारावर पाटी करून लावण्यासारखं आहे. पान सुटलं की घरचं माणूस काळजीने टेप चिकटवतं. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो, वरची पट्टी सुकून गळून पडते आणि अक्षरांवर डाग तेवढा उरतो. त्यापेक्षा पातळ टिश्यू कागदाची बोटभर पट्टी आणि मैद्याची खळ बरी. खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद टाकतात, म्हणजे कसर लागत नाही. मात्र तो विषारी, भांडं स्वयंपाकातलं नको आणि नंतर हात धुवायचे. पट्टी लावल्यावर दोन्ही बाजूंना मेणकागद ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवावं. हे सांगायचं कारण, सर्वांत जास्त टेप असते ती नेमकी त्या आवडत्या जागी.

दुःखात असलेल्या माणसाला पुस्तक देणं हा याच्यापेक्षा नाजूक उद्योग, आणि तो आपण फार आडदांडपणे करतो. दिवसकार्य चालू असताना पुस्तक नेऊ नये. घर माणसांनी भरलेलं असतं आणि पुस्तक कुठल्या तरी सतरंजीखाली जातं. तेराव्यानंतर नातेवाईक आपापल्या गावी परततात, वाचायचे दिवस आलेच तर त्याच्याही पुढे. तेव्हासुद्धा डोकं जागेवर नसतं. एकच ओळ चारदा वाचली जाते. म्हणून प्रकरणं छोटी हवीत, एका बैठकीत चार-पाच पानांत काही तरी संपलं पाहिजे. टाइप ठसठशीत हवा. पुस्तक आडवं पडून एका हातात पेलता आलं पाहिजे, त्यामुळे पाचशे पानी पुठ्ठ्याचा ठोकळा कितीही थोर असला तरी बाद. पहिल्या पानावर 'वाचून धीर येईल' असलं काही लिहू नये, आणि पंधरा दिवसांनी 'वाचलंस का?' असा फोन तर मुळीच करू नये. सर्वांत मोठी चूक म्हणजे दुःखाला दुःख जुळवणं. मूल गेलेल्या आईला मूल गेल्याचंच पुस्तक नेऊन देणारे शहाणे असतात. ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांनी पत्नीच्या मृत्यूनंतर आपला शोक लिहून १९६१ मध्ये एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने छापला, तेव्हा लेखक कोण हे ठाऊक नसलेल्या स्नेह्यांनी 'तुम्हाला याने बरं वाटेल' म्हणून ते पुस्तक त्यांनाच सुचवलं, असं सांगतात.

अशा वेळी उपयोगी पडणारं पुस्तक बहुधा वाकड्या वाटेने येतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. नवरा ख्रिस्ती झाला, संसार दुभंगला, काही वर्षं दोघं वेगळी राहिली, आणि हे सगळं सांगताना बाईंना हसू आवरत नाही. सोवळ्यापायी मीठ-साखरसुद्धा धुऊन घेणारे त्यांचे वडील वाचून, महिनाभर न हसलेलं माणूस खुदकन हसतं आणि मग दचकून इकडेतिकडे बघतं, कुणी पाहिलं तर नाही ना. पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यानंतर मराठीत दुःखाची पुस्तकं कितीतरी आली, पण दुःखात असलेल्या माणसाला सोबत करणारी त्या मानाने थोडी.

इथवर आपण हे धरून चाललो आहोत की वाचकाला पुस्तकात आपलं दुःख सापडतं. 'बलुतं' उघडलं की हे गणित मोडतं. दया पवारांचं हे दलित आत्मकथन १९७८ चं. त्यात दगडू मारुती पवार हा माणूस दया पवार नावाच्या लेखकाला आपली हकीकत सांगतो, आणि दोघं एकच आहेत. धामणगाव हे गाव, मुंबईतली कावाखाना ही वस्ती, तराळकी म्हणजे महारांच्या वाट्याला येणारी गावची चाकरी, गावकीची कामं. ज्याच्या घरात हे घडलं होतं त्याला ते वाचताना हायसंही वाटलं आणि लाजही वाटली. पुस्तक आलं तेव्हा 'हे चारचौघांत कशाला मांडायचं' असा राग आपल्याच माणसांतून आल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे जवळचा वाचक तो, जो पुस्तकावर चिडतोही.

दुसऱ्या वाचकाचं काय? ज्याच्या घरी पाटपाणी होतं, त्याचं? तो म्हणतो, हेलावून गेलो. हे म्हणायची फार घाई असते आणि ते म्हणून झालं की पुस्तक निश्चिंतपणे परत करता येतं. अशा वाचकाने 'बलुतं' किंवा बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचताना या हकिकतीत आपलं घर कुठे आहे ते शोधून बघावं. ते महारवाड्यात सापडणार नाही. ओंजळीत वरून पाणी ओतणारी जी म्हातारी आहे, भाकरी लांबून टाकणारा जो हात आहे, तिथे आपली पणजी असू शकते, आणि ती पणजी आपल्याला फार प्रेमाने आठवत असते. हे नातंही पुस्तकाशी जडलेलं नातंच आहे. तिथे रडू येत नाही. बेबीताईंनी हे लेखन फलटणकडे आपल्या दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवून केलं आणि वर्षानुवर्षं लपवूनच ठेवलं. १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकातून येऊ लागलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. लिहिणाऱ्या बाईला एवढं जपून लिहावं लागलं, तर वाचणाऱ्याने एका बैठकीत गहिवरून मोकळं व्हावं हे काही बरोबर नाही.

असो. पुस्तक बांधणाऱ्यांच्या जगात या सगळ्याला एक तोडगा आहे. डिंकाचं नवं पुस्तक हाती आलं की ते एकदम मधोमध उघडायचं नाही. कणा टेबलावर ठेवून आधी दोन्ही पुठ्ठे खाली टेकवायचे, मग पुढची आठ-दहा पानं सोडवून सांध्याजवळ बोटाने हलकेच दाबायची, मग मागची तेवढीच, पुन्हा पुढची, पुन्हा मागची, असं करत मध्यावर यायचं. ताण सगळीकडे सारखा वाटला जातो आणि पुस्तक कुठल्याही एका जागी तडकत नाही. पद्धत उत्तम आहे. तरीही माझं एक विक्षिप्त मत असं, की वर ज्यांची नावं आली त्या जातीच्या पुस्तकांवर हा उपचार करू नये. कुठे तडकायचं ते पुढच्या माणसावर सोडावं. ग्रंथपाल हे ऐकणार नाहीत. त्यांचंच बरोबर आहे, पानं गळायला लागली की वाचक काउंटरवर येऊन त्यांनाच बोलतात. आणि साने गुरुजींच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क २०१० च्या अखेरीस संपल्यापासून 'श्यामची आई'च्या इतक्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आहेत, की जुनी प्रत पुन्हा बांधून घेण्यापेक्षा नवी आणणं बऱ्याचदा परवडतं. जुनी रद्दबातल नोंदवहीत चढते, दाखल क्रमांकावर लाल रेघ येते.