दोन 'ऱ्या' आणि न सापडणारी फाइल

मंगळवार, रात्री

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या खिडकीत, फाइल शोधायची तर आधी ठरवावं की आठवतंय काय: नाव, वेळ की आतला मजकूर. अर्धा वेळ चुकीच्या आज्ञेला चुकीचा प्रश्न विचारण्यात जातो, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्यात, टंकताना त्या रोमन लिपीतच द्यायच्या.)

नाव आठवत असेल तर लिनक्सवर 'लोकेट'. तो डिस्क चाळत बसत नाही, आधीच तयार असलेल्या सूचीत बघतो, त्यामुळे लाखो फाइलींतूनही उत्तर क्षणात येतं. ही सूची 'अपडेटडीबी' बनवतं, आणि ते सहसा दिवसातून एकदाच चालतं. सकाळी आलेली फाइल दुपारी दिसली नाही तर 'सुडो अपडेटडीबी' (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) चालवून पुन्हा शोधावं. पेन ड्राइव्हवरच्या फाइली डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत त्यानंतरही येत नाहीत. ड्राइव्ह '/मीडिया'खाली जोडला जातो आणि 'अपडेटडीबी.कॉन्फ'मधल्या 'प्रूनपाथ्स' या ओळीत नेमकी तीच जागा वगळलेली असते. आणखी एक खाच: शोधशब्दात तारांकन टाकलं की लोकेट तो नमुना पूर्ण मार्गाशी, म्हणजे फोल्डरांसकट नावाशी, जुळवून बघतो. मार्ग '/'ने सुरू होतो, म्हणून 'बिल*.पीडीएफ' दिल्यावर काहीच हाती लागत नाही. सोबत '-बी' द्यावं, म्हणजे फक्त शेवटचं नाव तपासलं जातं.

'फाइंड' सावकाश चालतं, पण डिस्कवर या घडीला जे आहे तेच सांगतं. नमुना अवतरणचिन्हांत ठेवायचाच. नाहीतर शेल (आपली आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) त्या तारांकनाचा अर्थ आधीच लावून मोकळं होतं: चालू फोल्डरमध्ये जुळणारी एकच फाइल असेल तर सगळीकडे तेवढ्या एकाच नावाचा शोध होतो, आणि चूक झाल्याचं कळतही नाही.

फाइंडनेच वेळेने शोधताना '-एममिन -६०' म्हणजे गेल्या तासाभरात बदललेल्या फाइली. '-एमटाइम -१' म्हणजे मागचे २४ तास. कॅलेंडरमधला 'आज' हवा असेल तर '-डेस्टार्ट -एमटाइम ०'. '-एमटाइम +१' मात्र फसवं आहे. अपूर्ण दिवस सोडून दिला जातो, त्यामुळे त्यात किमान दोन दिवस जुन्या फाइलीच येतात. झिपमधून काढलेली फाइल आपली जुनी तारीख घेऊनच येते; 'आत्ता तर काढली!' असं वाटून शोधत बसण्यापेक्षा तिच्यासाठी '-सीमिन' वापरावं, ते या डिस्कवरची नोंद कधी बदलली ते बघतं.

आता मराठी नावं. यावर फार कमी बोललं जातं आणि त्रास सर्वात जास्त इथेच होतो. 'शेतकऱ्यांची यादी', 'कर्मचाऱ्यांचे पगार', 'सातबाऱ्याचा उतारा' अशा नावांतला 'ऱ्या' दोन प्रकारे टंकला जातो. काही कळफलकांवर ऱ, हलन्त, या. काहींवर र, हलन्त, मग न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक, आणि या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच. पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत 'या'च्या आधीचा तुकडा पहिल्या रीतीत ६ बाइटांचा, दुसरीत ९ बाइटांचा. फाइंड आणि लोकेट दोघेही या रूपांना वेगळंच मानतात, म्हणून समोर दिसणारी फाइलही 'नाही' ठरते. ऑफिसात एकाने नाव द्यायचं आणि दुसऱ्याने शोधायचं, तिथे हे हमखास घडतं.

उपाय सोपा आहे: संशयाची जागा तारांकनाने झाकायची.

फाइंड ~ -नेम '*शेतक*यादी*'

प्रश्नचिन्ह इथे चालत नाही. ते एकाच वर्णाची जागा घेतं, आणि दोन रूपांतली वर्णसंख्याच वेगळी आहे. नाव नक्की कसं लिहिलंय ते पाहायचं तर 'एलएस'चं (फोल्डरमधली नावं दाखवणाऱ्या आज्ञेचं) उत्तर नळीतून, म्हणजे '|' या चिन्हाने, 'ओडी -सी'कडे पाठवावं. बाइट समोर येतात. नावातले आकडे देवनागरी की रोमन, हेही तेव्हाच बघून घ्यावं.

आतला शब्द आठवत असेल तर 'ग्रेप -आरएल'. तिथेही 'ऱ्या' टाळून शब्दाचा दुसरा तुकडा द्यावा, 'शेतक' पुरे. मात्र वर्डच्या 'डॉक्स' फाइली आणि लिबरऑफिसच्या 'ओडीटी' फाइली मुळात झिप केलेल्या असतात. ग्रेपला त्यांच्यातला मजकूर वाचता येत नाही. त्या आधी 'अनझिप -पी'ने उलगडून मगच ग्रेपकडे द्याव्या लागतात.