जुनं मोटरहोम घेताना भिंतीतली ओल आणि बुरशी: माझा अनुभव

वापरलेलं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बघताना मी इंजिनाच्याही आधी भिंत कशाची आहे ते पाहतो. एकाच डागाचा अर्थ भिंतीप्रमाणे बदलतो. बाहेरून पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा असेल, तर आत बहुधा लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) असतं. ग्लासवूल पाणी धरून ठेवतं. पत्रा ठाकठीक दिसतो आणि आतली पट्टी कुजत राहते. तरी पत्रा उतरवून तेवढी पट्टी बदलता येते. गुळगुळीत फायबरग्लासच्या भिंतीचं तसं नाही. बाहेरचा थर, पातळ प्लायवूड, थर्माकोल आणि ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या असं सगळं एकत्र चिकटवलेलं असतं. प्लायवूड भिजलं की पदर सुटतात आणि भिंत फुगते. इथे दुरुस्ती म्हणजे जवळजवळ अख्खी भिंत उघडणं, म्हणून तळहाताहून मोठा फुगवटा दिसला तर मी ती गाडी सोडून देतो.

फुगवटा समोरून दिसत नाही. भिंतीला गाल लावल्यासारखं उभं राहून तिरप्या उजेडात लांबवर नजर टाकायची, मग बोटाच्या पेराने ठोकत जायचं. पदर सुटले असतील तिथे आवाज बदलतो. आतून पिनांचा मॉइश्चर मीटर (पिना टोचून ओल मोजणारं यंत्र) लावायचा: लाकडात १५ टक्क्यांपर्यंत चिंता नाही, २० च्या वर पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं. बिनपिनांचा मीटर धातूच्या नळीवर उगाच जास्त आकडा दाखवतो, म्हणून त्याच उंचीवर दोन-तीन ठिकाणी ताडून बघा. खिडक्यांचे खालचे कोपरे, छताच्या कडेची पट्टी, वरचे छोटे दिवे, मागची शिडी, छतावरचे व्हेंट आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर असलेल्या बिछान्याचा पुढचा कोपरा या जागा चुकवू नका. पाणी वरून शिरतं आणि सांगाड्याच्या आधाराने भलतीकडे उतरतं, त्यामुळे डाग असेल तिथेच भोक असेल असं नाही.

ताजा रंग, नवं वॉलपेपर किंवा उग्र सुगंध असेल तर गाडी रात्रभर बंद ठेवायला सांगून सकाळी दार उघडताच वास घ्यावा. कुबट वास तेव्हा लपत नाही.

सगळी बुरशी गळतीची नसते. गादीखाली किंवा धातूच्या नळ्यांच्या रेषेत उभे काळे पट्टे असतील, तर बहुधा ते दव आहे: नळी थंडी आत आणते आणि तिच्यावर वाफेचं पाणी होतं. गॅस जाळल्यानेही वाफ वाढते. १ किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. हवा खेळती ठेवली आणि आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवली की हे आटोक्यात येतं.

गळती मात्र आधी बुजवायची. जुनं सीलंट (फटी बुजवणारा लेप) पूर्ण खरवडून खिडकीच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), छतावर आपोआप पसरणारं सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. कठीण पृष्ठभागावरची बुरशी मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने निघते. भिजलेलं ग्लासवूल आणि मऊ पडलेलं प्लायवूड मात्र काढूनच टाकावं लागतं, आणि उघडी भिंत मीटर १५ च्या खाली येईपर्यंत बंद करू नये.