हिरो इम्पल्स 2013 : मातीत नेण्याआधी काय काय उघडलं

सेकंडहँड मोटरसायकल, जीए-04, म्हणजे गोव्यातली डिचोली पासिंग. 149.2 सीसी, एअरकूल्ड, कार्बोरेटर, पुढे 19 आणि मागे 17 इंचांची स्पोकची चाकं. ब्राझीलच्या होंडा एनएक्सआर 150 ब्रॉसची ही भारतीय बहीण. मीटरवरच्या आकड्यावर विसंबलो नाही. फूटपेगचे दात किती घासलेत, गिअर लिव्हरचं रबर किती गुळगुळीत झालंय आणि हँडलचा स्टॉपर ठेचलाय का, या तीन गोष्टी मीटरपेक्षा खरं बोलतात. इथे पेग गुळगुळीत, स्टॉपर मात्र शाबूत. म्हणजे गाडी खूप उभ्याने चालवली आहे, पण जोरात आपटलेली नाही.

कागदांचं थोडक्यात. चासी नंबर हेडपाइपवर असतो. वायर ब्रशने लाल माती झाडून तो आरसीशी अक्षर-अक्षर जुळवला. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. परिवहनच्या साइटवर चलनं तपासायची. नोंदणी 15 वर्षांची, त्यामुळे ही 2028 मध्ये पुन्हा पासिंगला येणार. किंमत ठरवताना हे लक्षात ठेवा. आणि गोव्यात एक प्रश्न विचारलाच पाहिजे: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे रेंटची, होती का? रेंटच्या गाडीला दर आठवड्याला नवा हात लागतो, आणि त्यातला एखादा तिला किनाऱ्यावरच्या ओल्या रेतीत घालतोच.

पहिला दिवस: गाडी धुतली नाही. धुतली की पुरावा जातो. तेल जिथून पाझरतं तिथे धूळ चिकटून काळा गाळ बसतो. तसे डाग दोन ठिकाणी होते: इंजिनाच्या माथ्यावर टॅपेट (वॉल्व उघडणारे भाग) कव्हरच्या कडेला आणि पुढच्या स्प्रॉकेटमागच्या (चेनच्या दातेरी चक्रामागच्या) ऑइल सीलवर. दोन्ही जागांचे फोटो काढले, मगच पाणी मारलं. पाण्याचा जोराचा झोत बेअरिंग, वायरींचे कपलर आणि एअरबॉक्सवर (एअर फिल्टरच्या डब्यावर) नको.

स्टार्ट करण्याआधी डिपस्टिक काढली. तिच्यावर दुधाळ, चहाच्या रंगाची साय लागली होती. वाळवंटी किंवा म्हादई नदीच्या काठचे ओहोळ पार करणाऱ्या गाडीत हे नेहमी दिसतं: तापलेलं इंजिन एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाइप (इंजिनाची श्वासनळी) पाण्यात असेल तर पाणी ओढून घेतो. असं इंजिन गरम करून तेल काढायचा मोह टाळा. बेअरिंगवर तेलाऐवजी पाण्याचा फेस जातो. थंडच ड्रेन केलं, रात्रभर बोल्ट उघडा ठेवला, गाळणी काढून पेट्रोलने धुतली. गाळणीवर चकचकीत चंदेरी पूड थोडी होती (क्लच प्लेट आणि गिअरची, चालायचंच), पितळी कण नव्हते. पितळी तुकडे दिसले असते तर इंजिन उघडल्याशिवाय पुढे गेलो नसतो. मग साधं 10डब्ल्यू30, सुमारे 1 लिटर, डिपस्टिक बघत भरलं. दहा मिनिटं चालवून तेही काढलं आणि मगच कायमचं भरलं. डब्यावर जासो एमए, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचला चालणारं, असं लिहिलेलं हवं. कारचं तेल घातलं तर क्लच घसरतो.

इनटेकमध्ये या गाडीची खरी दुखणी सापडली. कार्बोरेटर आणि एअरबॉक्सच्या मधलं रबर काढलं, पांढऱ्या सुती कापडाचं टोक बोटाला गुंडाळून आतून फिरवलं. कापडावर कुंकवासारखा लाल पट्टा आला. फिल्टरच्या पलीकडे, म्हणजे स्वच्छ बाजूला! एअरबॉक्समध्ये बाजारातला फोम होता, पूर्ण कोरडा. फोम धूळ अडवतो तो त्याला लावलेल्या चिकट तेलाने. कोरडा फोम म्हणजे नुसती चाळणी. डिचोली-सत्तरीकडच्या खाणींच्या रस्त्यावर लोहखनिजाची धूळ आणि चिऱ्यांच्या खाणींची माती मैद्यासारखी बारीक असते, पण कठीण. ती पिस्टनच्या तेलात मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. फोम रॉकेलने, मग साबणाच्या पाण्याने धुतला, पिळायचा नाही, दाबायचा. सुकल्यावर फिल्टर ऑइल लावून जास्तीचं दाबून काढलं. त्याच्या बसायच्या कडेला ग्रीसची पातळ रेघ ओढली. पुढच्या वेळी उघडताना त्या रेघेवर माती कुठून शिरलीय ते लगेच कळतं.

धूळ आत गेली असेल तर पिस्टनच्या रिंगांचं काय, हा पुढचा प्रश्न. इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन गेज लावला: 130 पीएसआय. प्लगच्या भोकातून 5 मिली, म्हणजे एक चहाचा चमचा, तेल घालून पुन्हा: 138. तेल घातल्यावर आकडा 25-30 ने उडाला असता तर रिंगा गेल्या असं धरलं असतं. इथे फरक थोडाच, तेव्हा संशय वॉल्ववर.

टॅपेट दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. डाव्या कव्हरवरच्या दोन टोप्या काढल्या, फ्लायव्हील फिरवून टी खूण (पिस्टन सगळ्यात वर) जुळवली आणि दोन्ही रॉकर हाताने हलतात याची खात्री केली. हलत नसतील तर तो एक्झॉस्टचा स्ट्रोक आहे, अजून एक फेरा द्या. रॉकर आणि वॉल्वमधलं हवं ते अंतर इनटेकला 0.08, एक्झॉस्टला 0.12 मिमी. इनटेकचं बरोबर होतं. एक्झॉस्टमध्ये 0.05 चं मापाचं पातंही कसंबसं जात होतं. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, म्हणून ते लोकांना बरं वाटतं. पण वॉल्व नीट मिटत नाही, गरम वायू कडेने सुटतात आणि सीट जळते. आवाज करणारा टॅपेट परवडला. सेट करून लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजलं, कारण आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो. नंतरचं कॉम्प्रेशन 146.

टाकीत टॉर्च मारला तर तळाला गंजाचा थर. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा धरतं, आणि गोव्याच्या पावसाळ्यात चार महिने उभ्या गाडीची अर्धी रिकामी टाकी म्हणजे ओलाव्याचं घरच. टाकी खाली उतरवून वाफ जाईपर्यंत उघड्यावर ठेवली. पेट्रोलचा कॉक काढून भोक रबरी बुचाने बंद केलं, 11 लिटर कोमट पाण्यात 550 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून काठोकाठ भरलं, 18 तास. रंगावर थेंब पडला तर लगेच पुसा. रिकामी करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळली, मग साधं पाणी, लगेच ड्रायरची गरम हवा. इथे वेळ काढलात तर अर्ध्या तासात नवा पिवळा गंज चढतो. सुकल्याबरोबर 100 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल आत फिरवून घेतलं आणि कॉकनंतर नवा फिल्टर बसवला.

कार्बोरेटरच्या वाटीत पाण्याचे थेंब आणि पांढरी पूड होती. पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारं बारीक भोक) बंद. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवा पुरते, फार तर नायलॉनचा धागा. पायलट स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवलं. डायफ्रामचं रबर उजेडासमोर धरून ताणून पाहिलं: टाचणीएवढं जरी भोक असतं तरी वरचा वेग मिळाला नसता.

पुढचे शॉक: डावीकडून 140 मिली, उजवीकडून 95 मिली तेल निघालं, दोन्ही चॉकलेटी. उजवं सील गळत होतं. सील बदलण्याआधी नळीवर नख फिरवा. नख अडकलं तर तिथे गंजाचा खड्डा आहे आणि नवं सील महिन्याभरात फाटेल. इथे बारीक टोक होतं, ते 1500 च्या वॉटर पेपरने तेल लावून आडवं घासलं. 10डब्ल्यू फोर्क ऑइल दोन्हीकडे मॅन्युअलच्या मापाने भरलं, आणि स्प्रिंग काढून, नळी पूर्ण दाबून दोन्ही पातळ्या सारख्या आहेत हे पट्टीने तपासलं.

कोन सेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग: पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवलं, तर मधोमध खाचेत अडकल्यासारखं थांबत होतं. वाट्यांवर गोळ्यांचे ठसे उमटलेत. आवळून हे जात नाही, सेट बदलायचाच.

सगळ्यात जास्त वेळ स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या फाट्याच्या) बोल्टने खाल्ला. खाऱ्या हवेत तो आतल्या स्लीव्हला गंजाने चिकटतो आणि वर्षानुवर्षं कुणी काढत नाही. तीन संध्याकाळी दोन्ही बाजूंनी गंजावरचं तेल सोडलं. नट शेवटच्या आट्यांवर ठेवूनच पितळी दांड्याने ठोकलं; नट काढून ठोकलं तर बोल्टचं तोंड पसरतं, मग तो भोकातून बाहेरच येत नाही. फिरवायचा प्रयत्न, ठोका, पुन्हा तेल. बाहेर आला तेव्हा दोन्ही टोकं चकचकीत आणि मध्ये बोटभर रुंद तपकिरी कडं. वायर ब्रशने ते काढलं, काचेच्या तावदानावर लोळवून बोल्ट सरळ आहे हे पाहिलं, पाण्यात न धुपणारं ग्रीस भरपूर लावलं. बुशमध्ये मात्र आडवा हेलकावा आहे.

चेन 428 ची. ताणून धरून 20 कड्यांची लांबी मोजली: नवी 254 मिमी असते, 259 च्या पुढे गेली की बदला. इथे 260, तेव्हा चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच. ढील मोजताना गाडीवर माणूस बसवा किंवा पट्ट्याने मागचा भाग खाली खेचा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते, आणि तिथेही थोडी ढील उरली पाहिजे. नाहीतर पहिल्या मोठ्या उडीला ती ऑइल सीलवर सूड उगवते.

चाकांत वळण 2 मिमीच्या आत. पाच स्पोकचे निप्पल गंजाने जाम होते, ते फिरवायला गेलो असतो तर तुटले असते म्हणून बदलले. ट्यूबच्या टायरमध्ये, रिमलॉक (टायर रिमला घट्ट धरणारा क्लॅम्प) नसताना, 18 पीएसआयच्या खाली जाऊ नका, टायर रिमवर सरकतो आणि वॉल्व मुळापासून फाटतो. मागच्या ड्रममध्ये वाळलेला चिखल निघाला, लाइनर ठीक. पुढच्या ब्रेकचं तेल काळपट, ते बदललं. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. हेडलाइटमागचे कपलर हिरवे पडले होते. ते साफ केले, फ्रेमच्या अर्थचा बोल्ट घासून पुन्हा आवळला. बॅटरी उभ्या गाडीत 12.6, रेस केल्यावर 14.1 व्होल्ट.

पेडण्याच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) 40 किलोमीटर फिरवून आणली. परतल्यावर स्पोक पुन्हा तपासले, नवे पाचही थोडे ढिले झाले होते. टॅपेट कव्हर कोरडं, स्प्रॉकेटमागे मात्र तेलाचा ताजा थेंब, म्हणजे ते सील बदलायचं राहिलंच. फोमच्या ग्रीसच्या रेघेवर आतल्या बाजूला माती नाही. स्विंगआर्मचे बुश मागवलेत. ते येईपर्यंत उड्या बंद, नुसतं सड्यावर फिरणं.