आतून खाल्लेला टायर

साताऱ्यात आमचं अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन मापात आणायचं, दुकान आहे. महामार्ग जवळ, त्यामुळे पाऊस ओसरायला लागला की खड्ड्यांत आपटलेल्या गाड्यांची रीघ लागते. गणपतीच्या तोंडावर अशाच गर्दीत एक ताई छोटी हॅचबॅक घेऊन आल्या. शाळेत शिक्षिका, रोज सातारा-कराड जाणं-येणं.

“दादा, पुढचा डावा टायर आतून खातोय. दोन ठिकाणी अलाइनमेंट करून झालं. स्टिअरिंग सरळ होतं, पण टायर काही वाचत नाही.”

गाडी रॅम्पवर घेतली. मशीन लावायच्या आधी मी टायरवरून हात फिरवतो, ही सवय मी सोडत नाही. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बिघडला तर एकच कड गुळगुळीत होते. टो, म्हणजे वरून पाहता चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं, बिघडला की रबराला करवतीसारखे दाते येतात, आणि ते डोळ्यांपेक्षा तळव्याला आधी कळतात.

पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजखुणेपर्यंत, म्हणजे 1.6 मिलिमीटरवर आली होती. बाहेरून बघाल तर टायर अगदी ठणठणीत. पण हाताला दाते लागेनात. होते ते बोथट झालेले. चालू झीज अशी नसते. मग मागच्या डाव्याला हात लावला. बाहेरून आत हात नेताना तळवा अडकला, आतून बाहेर नेताना सरकला. ही टो-आउटची, म्हणजे चाकाचं तोंड बाहेर वळल्याची खूण, आणि दाते ताजे, धारदार. उजव्या मागच्यावरही होते, पण पुसट.

“ताई, टायर पुढचे मागे कधी केले होते का?”

त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून सर्व्हिसिंगचं बिल काढलं. टायर रोटेशन केलेलं होतं, आणि दोन्ही अलाइनमेंट त्याच्या नंतरच्या. म्हणजे पुढचा खराब टायर खाल्ला गेला होता मागे असताना! रोटेशनमध्ये तो पुढे आला आणि सगळ्यांचं लक्ष पुढच्या चाकांवर गेलं. मागे गेलेला चांगला टायर आता त्याच जागी झिजत होता.

मी आणखी एक विचारलं. पहिल्या अलाइनमेंटच्या आधी सरळ रस्त्यावर स्टिअरिंग कुठे असायचं? “थोडं डावीकडे धरावं लागायचं.” उत्तर जुळत होतं; मागची चाकं तिरकी असली की सरळ जायला स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं.

बेअरिंग, टायरॉड (स्टिअरिंग चाकाशी जोडणारा दांडा) एंड, लोअर आर्मचे बुश हलवून पाहिले; कुठेच ढिलेपणा नव्हता. मग चारही चाकांना सेन्सर लावले. पुढचा टो मापात. मागे उजवीकडे 8 मिनिटं टो-इन (तोंड आत), डावीकडे 42 मिनिटं टो-आउट; मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. कॅम्बर उजवीकडे उणे 1 अंश, डावीकडे उणे 2; उणे म्हणजे चाक वरून आत झुकलेलं. थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं मिळून गाडीला ज्या दिशेने ढकलतात तो कोन, 25 मिनिटं, डावीकडे. मागची चाकं गाडीला तिरकी ढकलत होती. पुढचे टायरॉड फिरवून स्टिअरिंग तेवढं मध्ये आणलेलं, मूळ दोष जिथल्या तिथे.

मागचा एकूण टो-आउट 34 मिनिटं. धावताना तो दोन्ही चाकं वाटून घेतात, म्हणजे प्रत्येक टायर किलोमीटरमागे पाचेक मीटर आडवा घासत होता. डाव्याला वर कॅम्बरचाही भार, म्हणून त्याचे हाल जास्त.

डाव्या रिमच्या आतल्या कडेला ठोकून सरळ केल्याची खूण सापडली. ताईंना आठवलं: आदल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसताच त्यांनी स्टिअरिंग मारलं, पुढचं चाक वाचलं, मागचं जोरात आदळलं. असा दणका चाकाला मागे रेटतो आणि टो बाहेर जातो. या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध बीम. तिथे टो फिरवायला बोल्टच नसतो. म्हणूनच बरेच जण मागची मापं पाहतही नाहीत. मला हे पटत नाही. घेतलेल्या पैशात किमान आकडे तरी गिऱ्हाइकाला दाखवावेत.

बीम तापवून किंवा जॅक लावून सरळ करून देणारे भेटतात. मी त्याला साफ नकार देतो. वाकलेलं लोखंड परत वाकवून त्यावर घरची माणसं बसवायची नाहीत. शिम, म्हणजे पातळ चकती, घालून थोडा फरक काढता येतो, पण दणका बसलेल्या बीमवर मला भरवसा नव्हता. ताईंनी नवा बीम बसवून घेतला. परत मोजलं तेव्हा मागची दोन्ही चाकं मापात होती आणि थ्रस्ट अँगल शून्याच्या आसपास. टायरॉड पुन्हा जुळवावे लागले, कारण आता स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला गेलं होतं.

खाल्लेला टायर उतरवल्यावर ताई म्हणाल्या, “बाहेरून चांगला दिसतोय, स्टेपनीला ठेवू का?” मी टायर उभा करून त्यांचा हात आतल्या कडेवर फिरवून दाखवला. पावसात, भरल्या गाडीला, खंबाटकी घाटात स्टेपनी लावायची वेळ आली तर हाच टायर रस्त्यावर असेल. त्यांनी दोन नवे टायर घेतले आणि त्यातल्या त्यात बरा जुना स्टेपनीला ठेवला.