तुम्ही विचारलंत म्हणून: तोच शब्द एकाला चालतो, दुसऱ्याला का नाही?

ऑनलाइन मंचावर काय चालेल, काय नाही हे बघणारी मॉडरेटर आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच. एकाच्या युजरनेममध्ये शिवी दिसते तरी तो राहतो, दुसऱ्याचं खातं बंद होतं. हा भेदभाव नाही का?

सरळसरळ घाणेरडी नावं आली की उडवायची, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. शिव्या आपोआप अडवणाऱ्या फिल्टरवर मात्र विसंबता येत नाही. 1996 साली एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पच्या रहिवाशांना खातंच उघडू दिलं नव्हतं, कारण गावाच्या नावात एक शिवी दडलेली आहे.

अडतं ते वेगळीकडेच. शाळेत ज्या शब्दाने चिडवलं, तोच शब्द एका समलिंगी मुलाने युजरनेम म्हणून घेतला. मी बदलायला सांगितलं. त्याने लिहिलं, "दुसऱ्यांनी हे नाव ठेवलं तेव्हा कुणी मधे पडलं नाही. आता मी ठेवलंय, तर तुम्ही काढताय." मी नाव परत दिलं. चार दिवसांनी आणखी एकांचा निरोप आला. तेही समलिंगी, वयाने बरेच मोठे. "त्याला उत्तर द्यायचं तर मला तो शब्द टाइप करावा लागतो. माझ्याच्याने होत नाही."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नाव आपलं असलं तरी हाक दुसरेच मारतात. त्या काकांची ओळख न सांगता मी मुलाला हे कळवलं. त्याने शब्द नावातून काढला आणि परिचयाच्या ओळीत घेतला. तिथे तो आजही आहे, आणि तक्रार आली की मी त्याच्या बाजूने उभी राहते.

काहीजण अमेरिकेतला खटला पुढे करतात. सायमन टॅम यांच्या आशियाई-अमेरिकन बँडने स्वतःवरचीच शिवी उचलून 'द स्लँट्स' हे नाव घेतलं होतं. 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नाव अपमानकारक आहे म्हणून सरकारला ट्रेडमार्क नाकारता येणार नाही. पण त्याच निकालाने 'रेडस्किन्स' या फुटबॉल संघाचा ट्रेडमार्कही वाचला. तो शब्द मूलनिवासींना बोचत होता, आणि तो त्यांनी स्वतःसाठी निवडलेला नव्हता. सरकारने यात निवड करू नये हे मला पटतं. मी सरकार नाही. शब्द स्वतःसाठी घेतलाय की दुसऱ्यावर फेकलाय, हे मला बघावंच लागतं.

"तू खरंच त्यांच्यातला आहेस का?" असं मात्र मी कुणालाच विचारत नाही. घरी अजून सांगितलेलं नसतं, आणि मी कोण पुरावा मागणारी? तो माणूस इतरांशी कसा बोलतो ते वाचते. कधी चुकते. मग नाव परत देते आणि माफी मागते.