फुलं सुकल्यावर डॅफोडिलचं काय करायचं? माझा अनुभव

कार्डिफला हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात आधीच्या मालकांनी लावलेले डॅफोडिल होते. वेल्समध्ये १ मार्चला, सेंट डेव्हिड दिनाला, लोक हेच पिवळं फूल छातीवर लावतात. त्या सुमारास आमचं अंगणही भरून गेलं होतं. एप्रिलमध्ये फुलं सुकली, पाती लोळू लागली. पाहुणे यायचे होते म्हणून मी सगळं बुडापासून कापून टाकलं. पुढच्या मार्चला पात आली भरघोस, फुलं मात्र मोजून चार.

शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून विचारलं, "गेल्या वर्षी पानं कापली होतीस का?" असे कंद 'आंधळे' झाले, असं इथले लोक म्हणतात. मला फार लागलं ते. मी निफाडकडची, कांद्याच्या घरातली. माना पडल्याशिवाय कांदा काढायचा नाही, काढला तरी पातीसकट सुकू द्यायचा, हे बघतच वाढले. कांदा पोसते ती पातच. इथेही तेच: फूल गेल्यावर पानं अन्न बनवतात आणि त्यावर कंदात पुढच्या वर्षीची कळी धरते.

त्या वर्षी सुकलेलं फूल तेवढं खुडलं. फुलामागे हिरवी फुगीर गाठ असते, तिच्यात बी धरतं. ती गाठही काढली, दांडा ठेवला. चीक हाताला खाजतो, म्हणून हातमोजे घातले. पानांच्या वेण्या किंवा गाठी घातल्या नाहीत, ऊन सगळ्या पानाला लागायला हवं. टोमॅटोला घालतात ते पोटॅशवालं खत पाण्यातून दिलं. निदान सहा आठवडे पानांना हात लावायचा नाही. जूनमध्ये ती पिवळी पडली आणि नुसत्या ओढीने हातात आली. मग दाटी झालेले गड्डे उकरून सोडवले आणि कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल पुन्हा लावले.

कुंडीतल्या ट्युलिपचे कंद मात्र पानं वाळल्यावर काढून, सावलीत सुकवून जाळीच्या पिशवीत टांगले. ते नोव्हेंबरात लावायचे. डॅफोडिलचा कंद दिसतो थेट कांद्यासारखा आणि असतो विषारी, त्यामुळे उरलेले कंद स्वयंपाकघरापासून लांब, चिठ्ठी लावून ठेवले.

या मार्चला एकट्या कुंपणाच्या कडेलाच सत्तावीस फुलं मोजली. आता ती सुकलीत, पात लोळतेय. लोळू दे.