पांढरा घुमट असलेलाच लाइट मीटर घ्या

वाईच्या थोरल्या काकांचे फोटो असलेला रोल धुऊन आला आणि पोटात कालवलं. काका ओसरीवर बसलेले, पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी, मागे चुन्याची भिंत. फिल्मवर प्रकाश कमी पडल्याने निगेटिव्ह इतकी पातळ की चेहऱ्यावरची एक सुरकुती दिसेना.

कॅमेरा यशिका मॅट १२४जी, जुना फिल्मचा. त्यातला प्रकाश मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा, ते सेल आता बनतच नाहीत. म्हणून फोनवरच्या अ‍ॅपचं ऐकलं: ४०० आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता), १/२५० सेकंद, एफ १६ (भिंगाचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान). अ‍ॅप मोजतं वस्तूवरून परतणारा प्रकाश, आणि समोर काहीही असलं तरी ते मध्यम करडं असल्याचं धरून चालतं. भिंत करडी झाली, काका काळवंडले.

म्हणजे अंगावर पडणारा प्रकाश पांढऱ्या घुमटातून मोजणारा मीटर हवा. पहिल्यांदा मी १,२०० रुपयांत जुना, प्रकाशावरच वीज बनवणाऱ्या सेलेनियमचा घेतला. बॅटरी लागत नाही, काटा छान हलतो, मी खूश! दुपारी लख्ख उन्हात गच्चीवर नेला. ४०० आयएसओला १/५०० वर एफ १६ च्या आसपास यायला हवं, काटा एफ ८ वर थांबला. दोन स्टॉपची चूक, म्हणजे प्रकाशात चौपट फरक. सेलेनियमचा सेल वयाने आणि ओलाव्याने मंदावतो. तेव्हा काटा हलतो एवढ्यावर पैसे देऊ नका. दुकानदाराला सांगून मीटर बाहेर उन्हात नेऊन बघाच.

शेवटी वापरलेला सेकॉनिक एल-३०८एस साडेनऊ हजारांना घेतला. एक साधा डबल-ए सेल लागतो, खिशात मावतो, फ्लॅशही मोजतो. पांढरा घुमट बाजूला सरकवला की परतलेला प्रकाशही मोजता येतो. एखाद्या लहानशा ठिपक्यावरूनच प्रकाश मोजणाऱ्या स्पॉट मीटरचा मोह मला झाला होता, पण त्या पैशांत कितीतरी रोल येतात, आणि माणसांच्या फोटोंना हा पुरतो.

दिवाळीत परत वाईला गेलो. काकांच्या हनुवटीजवळ मीटर धरला, घुमट कॅमेऱ्याकडे.

"ताप बघतोस का रे?" काका म्हणाले.

"नाही काका, उजेड बघतोय."

१/२५० ला एफ ८ आलं. तीच ओसरी, साधारण तीच वेळ. या खेपेच्या प्रिंटमध्ये टोपीची शिवण दिसते, दोन दिवसांची पांढरी दाढीही.